स्टॅन्लींच्या लेकी

मार्च १६२८ मध्ये इंग्लंडच्या राजाचं एक आज्ञापत्र निघालं. एकवीस वर्षांच्या जेम्स स्टॅन्लीने पार्लमेंटच्या वरिष्ठ सभागृहात ‘लॉर्ड स्ट्रेंज’ म्हणून हजर राहावं, एवढाच त्यातला मजकूर. जेम्स हा डर्बीचा सहावा अर्ल विल्यम स्टॅन्ली याचा थोरला मुलगा. वडील हयात होते, त्यामुळे अर्लपद त्यांच्याकडेच होतं. पण इंग्लंडातल्या बड्या घराण्यांत एकाच माणसाकडे किताबांची उतरंड असायची, अर्लपदाखाली बॅरनी, तिच्याखाली आणखी एखादी. वडिलांच्या हयातीतच त्यातला खालचा एक किताब थोरल्या मुलाच्या नावे करून त्याला सरदारांच्या सभेत बसवायची सोय तिथल्या कायद्यात होती. जेम्सला बोलावलं ते याच रिवाजाने.

घोळ असा होता की स्ट्रेंजची बॅरनी विल्यमकडे नव्हतीच. चौतीस वर्षांपूर्वी, थोरला भाऊ वारला तेव्हाच, ती त्या भावाच्या तीन मुलींच्या, म्हणजे विल्यमच्या पुतण्यांच्या, वाट्याला गेली होती. हे ना राजाच्या कारकुनांच्या लक्षात आलं, ना घरच्यांच्या. निदान कोणी बोललं तरी नाही. जेम्स सभागृहात जाऊन बसला. आणि इंग्लिश कायदा असा की राजाने नावानिशी बोलावलं आणि माणूस जाऊन बसला, की त्या नावाची बॅरनी अस्तित्वात येते. जुनी पुतण्यांकडे होती ती होतीच. चुकीच्या समजुतीपायी त्याच नावाची दुसरी एक बॅरनी जन्माला आली.

या घराण्याने मला खिळवून ठेवलं ते या कागदापासून. जेम्स स्टॅन्ली, म्हणजे पुढे डर्बीचा सातवा अर्ल, इंग्लंडच्या यादवी युद्धातला मोठा राजनिष्ठ सरदार. त्याच्याबद्दल वाचायला बसलं की लढाया, वेढे आणि वधस्तंभ समोर येतात. मी मात्र पुन्हा पुन्हा वंशावळीच्या पानाकडे वळत राहिले. त्या पानावर मधोमध ठळक टाइपात पुरुषांची रांग आहे आणि कडेला बारीक अक्षरात लेकी-सुना. बारीक अक्षरातली नावं एकेक करून वाचत गेले तशी माझी खात्री होत गेली की या घराण्याकडे जे काही आलं त्यातलं बरंचसं बायकांनी आणलं, आणि जे टिकलं त्यातलंही बरंचसं बायकांनीच पुढे नेलं.

सुरुवातीपासूनच बघा. चौदाव्या शतकाच्या शेवटी सर जॉन स्टॅन्ली नावाच्या एका धाकट्या मुलाने इझाबेल लेथमशी लग्न केलं. लँकेशायरमधल्या लेथम आणि नोज्ली या जहागिरी इझाबेलच्या माहेरच्या. स्टॅन्लींच्या शिरपेचावर जे चिन्ह आहे, गरुड आणि त्याच्या घरट्यातलं बाळ, तेही लेथमांचं. गरुडाच्या घरट्यात सापडलेल्या मुलाची दंतकथा तिच्या माहेरी सांगत असत. याच जॉनला राजा चौथ्या हेन्रीने १४०६ मध्ये आयल ऑफ मॅन हे बेट वंशपरंपरेने दिलं. मोबदला काय, तर प्रत्येक नव्या राजाच्या राज्याभिषेकाला दोन ससाणे नजर करायचे. त्या बेटाचे धनी स्वतःला मॅनचे राजे म्हणवत. पुढे दुसऱ्या अर्लने ‘राजा’ सोडून ‘लॉर्ड’ हा शब्द धरला.

अर्लपद आलं १४८५ मध्ये. बॉसवर्थच्या लढाईत थॉमस स्टॅन्ली ऐन वेळेपर्यंत कुणाच्याच बाजूने उतरला नाही, आणि त्याच्या भावाच्या फौजेने शेवटी हेन्री ट्यूडरच्या बाजूने उडी घेतली. हेन्री ट्यूडर हा थॉमसचा सावत्र मुलगा. त्याची आई मार्गारेट ब्यूफर्ट ही थॉमसची बायको. म्हणजे हे अर्लपदसुद्धा एका लग्नाच्या नात्यावर उभं आहे. स्ट्रेंजची बॅरनी आली जोन ल स्ट्रेंज या सुनेबरोबर, थॉमसच्या मुलाशी तिचं लग्न झालं तेव्हा. चौथ्या अर्लची बायको मार्गारेट क्लिफर्ड ही तर सातव्या हेन्रीच्या मुलीची नात, तिच्यामुळे घरात राजरक्त आलं. त्या रक्ताने या घराचं भलं केलं नाही.

मार्गारेटचा मुलगा फर्डिनांडो १५९३ च्या सप्टेंबरमध्ये पाचवा अर्ल झाला. राणी एलिझाबेथला मूलबाळ नव्हतं, आणि फर्डिनांडोच्या अंगात आईकडून ट्यूडरांचं रक्त. लगेच रिचर्ड हेस्केथ नावाचा एक माणूस त्याच्याकडे आला, तुम्ही गादीवर हक्क सांगा म्हणून. फर्डिनांडोने त्याला सरकारच्या हवाली केलं आणि हेस्केथ फासावर गेला. पुढच्या एप्रिलमध्ये फर्डिनांडोला अचानक उलट्या सुरू झाल्या आणि काही दिवसांत तो गेला. कोणी विषाचं नाव घेतलं, कोणी चेटकाचं. मागे राहिली बायको अ‍ॅलिस आणि तीन मुली. अ‍ॅन चौदाच्या आसपासची, मग फ्रान्सिस, आणि धाकटी एलिझाबेथ सहा वर्षांची.

इथे इंग्लंडच्या किताबांचा कायदा जरा उलगडून सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. डर्बीचं अर्लपद सनदेने दिलेलं, आणि सनदेत वारस फक्त पुरुष वंशातला. म्हणून ते मुलींना डावलून फर्डिनांडोचा धाकटा भाऊ विल्यम याच्याकडे गेलं. स्ट्रेंजची बॅरनी मात्र १२९९ सालची, तिला सनद नाही. राजाने बोलावलं आणि माणूस सभागृहात बसला, अशा रीतीने तयार झालेली. अशा जुन्या बॅरनीला लेकी वारस होऊ शकतात. मुलगा असेल तर तो, नसेल तर मुलगी. पण मुली एकाहून जास्त असतील तर? मुलग्यांत थोरला सगळं घेतो, मुलींत मात्र थोरली-धाकटी असा भेदच नाही. सगळ्या सारख्या वाटेकरी. जमिनीची वाटणी करता येते, किताबाची कशी करणार? मग तो कोणालाच मिळत नाही, अधांतरी राहतो. बहिणींपैकी एकीचाच वंश उरेपर्यंत, किंवा राजाने त्यांच्या वंशजांपैकी कोणा एकाला पुढे बोलावेपर्यंत.

म्हणजे कायद्याने या तिघींना हक्क दिला आणि त्या तिघी आहेत म्हणूनच तो त्यांच्या हाती लागू दिला नाही. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला चीड आली होती. अजूनही येते.

आयल ऑफ मॅनवरून काका आणि पुतण्यांची भांडणं कोर्टात गेली. हा प्रकार मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. आपल्याकडे प्रत्येक तालुक्याच्या कोर्टात अशी एक तरी भाऊबंदकी सापडते. बेट जिंकून मिळालं होतं की दान म्हणून, सनद कोणत्या कायद्याखालची, बेटाला इंग्लंडचा कायदा लागू आहे का, यावर कायदेपंडित झगडले. अ‍ॅलिस खमकी होती. तिने मुलींची बाजू सोडली नाही, आणि दुसरं लग्नही केलं ते राज्याचा मुद्राधारक असलेल्या थॉमस एगर्टनशी. काकाला शेवटी पुतण्यांचे दावे पैसे मोजून सोडवावे लागले. १६१० मध्ये पार्लमेंटने खास कायदा करून बेट विल्यम, त्याची बायको एलिझाबेथ आणि मुलगा जेम्स यांच्या नावे पक्कं केलं. विल्यमला कारभारात रस नव्हता. १६१२ पासून १६२७ मध्ये डोळे मिटेपर्यंत बेटाचा कारभार पाहिला तो या एलिझाबेथ द व्हेअरने, जेम्सच्या आईने. शिरपेचावरचं ब्रीद आहे ‘न बदलता’. वारसा मात्र वळणावळणाने चालला होता आणि दर वळणावर एक बाई उभी होती.

जेम्सचं लग्न १६२६ मध्ये हेग इथे झालं. मुलगी शार्लोट द ला त्रेमुय. वडील फ्रान्समधले तुआरचे ड्यूक, आई हॉलंडच्या स्वातंत्र्ययुद्धाचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याची मुलगी. प्रॉटेस्टंट युरोपातल्या थोर घराण्यांतली लेक लँकेशायरच्या ओल्या माळावर सून म्हणून आली. सप्टेंबर १६४२ च्या शेवटी विल्यम वारला आणि जेम्स सातवा अर्ल झाला. तोवर राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं होतं. जुलैमध्ये मँचेस्टरमध्ये जेम्सच्या माणसांशी झालेल्या झटापटीत एक विणकर मेला. या युद्धात पहिलं रक्त सांडलं ते तिथे, असं मानतात.

सेनापती म्हणून जेम्सला फारसं यश आलं नाही. तो बेटावरचा असंतोष निस्तरायला गेला असताना, फेब्रुवारी १६४४ च्या शेवटी, पार्लमेंटच्या फौजेने लेथमच्या गढीला वेढा घातला. आत शार्लोट, तिच्या लहान मुली आणि सुमारे तीनशे शिबंदी. बाहेर काही हजार. सर थॉमस फेअरफॅक्सने शरणागतीच्या अटी पाठवल्या. तिने आधी विचाराला आठवडा मागितला. मग म्हणाली, नवऱ्याला विचारल्याशिवाय मी घर कसं सोडू? मग बोलणी माझ्या घरी येऊन करा म्हणाली. एकीकडे ही पत्रापत्री आणि दुसरीकडे कोठारात धान्य आणि दारूगोळा भरणं चालू. ती केवळ वेळ काढते आहे, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

एप्रिलमध्ये बाहेरच्यांनी एक अवाढव्य उखळी तोफ आणली. दगडी गोळे आणि पेटते बाँब गढीच्या आत येऊन पडू लागले. कर्नल रिग्बीने शेवटचा निरोप पाठवला. शार्लोटने तो कागद दूताच्या तोंडावर फाडला आणि सांगितलं, ना माणसं मिळतील, ना माल, ना हे घर. दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या शिपायांनी अचानक बाहेर पडून मोर्चे उधळले आणि ती तोफ दोरांनी ओढत गढीत आणली. जिच्या धाकाने कोणाला झोप नव्हती ती अंगणात येऊन पडली. राजपुत्र रूपर्टची फौज जवळ आल्यावर मे अखेरीस वेढा उठला. तोवर साधारण तीन महिने गेले होते.

दुसऱ्या दिवशी, २८ मे रोजी, रूपर्ट आणि जेम्स यांनी बोल्टन हे पार्लमेंटच्या बाजूचं गाव घेतलं आणि तिथे कत्तल झाली. लेथमची गोष्ट सांगताना बोल्टन गाळायचं, हे बऱ्याच जुन्या लिखाणात दिसतं. मला ते पटत नाही. बोल्टनच्या लोकांनी तो दिवस विसरायला नकार दिला आणि सात वर्षांनी जेम्सला तिथेच नेलं गेलं.

राजाची बाजू हरल्यावर जेम्स आणि शार्लोट बेटावर राहिले. १६४९ मध्ये पार्लमेंटच्या बाजूने आयर्टनने बेट सोडण्याविषयी विचारलं तेव्हा जेम्सने कॅसलटाउनहून उत्तर पाठवलं: पुन्हा असा निरोप आणाल तर कागद जाळीन आणि आणणाऱ्याला फाशी देईन. याच काळात त्याने थोरल्या मुलासाठी, चार्ल्ससाठी, बेटाचा इतिहास आणि राज्य कसं करावं याचा उपदेश लिहून ठेवला. १६५१ च्या ऑगस्टमध्ये तो इंग्लंडच्या गादीसाठी लढणाऱ्या दुसऱ्या चार्ल्ससाठी पुन्हा लँकेशायरला उतरला. विगनजवळ फौज उधळली गेली, जखमी जेम्स वुस्टरला पोचला, तिथेही पराभव. पळणाऱ्या राजाला लपायला बॉस्कोबेलची वाट दाखवून तो स्वतः नँटविचजवळ पकडला गेला. पकडताना त्याला जिवाचं अभय दिलं होतं. चेस्टरच्या लष्करी न्यायालयाने ते मानलं नाही. १५ ऑक्टोबर १६५१ रोजी बोल्टनच्या बाजारात त्याचा शिरच्छेद झाला.

बेटावर शार्लोट होतीच. पण बेटाचा महसूल सांभाळणाऱ्या विल्यम ख्रिश्चनने रयतेला उठवून किल्ले घेतले आणि बेट पार्लमेंटच्या हवाली केलं. यामागे केवळ फितुरी पाहणं अन्यायाचं आहे. बेटावरची शेतकरी कुळं बापजाद्यांपासून जमीन आपली समजून कसत आली होती. जेम्सने त्यांना ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्यावर आणायचा घाट घातला होता. मुदत संपल्यावर आपल्या वंशाचं काय, हा प्रश्न त्यांच्या दारात होता. स्वतःच्या वारशासाठी मान देणाऱ्या माणसाने दुसऱ्यांच्या वारशावर नांगर फिरवला होता. राजेशाही परत आल्यावर आठव्या अर्लने, म्हणजे जेम्सच्या मुलाने, ख्रिश्चनवर खटला चालवून २ जानेवारी १६६३ ला हँगो हिल इथे त्याला गोळ्या घातल्या. बेटावरचे लोक त्याला इलियम डोन म्हणतात आणि दर २ जानेवारीला त्या टेकडीवर जमतात. जमिनीचा तंटा १७०४ मध्ये दहाव्या अर्लच्या काळात मिटला. कुळांचा वंशपरंपरागत हक्क कायद्याने मान्य झाला.

याच दहाव्या अर्लने, सातव्या अर्लच्या, म्हणजे आपल्या जेम्सच्या, नातवाने, १७३२ मध्ये नोज्लीच्या वाड्यावर दगडात कोरून घेतलेला एक लेख आहे. त्यात तो आधी आपली ओळख देतो, जेम्स आणि शार्लोट यांचा नातू म्हणून. मग लिहितो की आजोबांचा बोल्टनला शिरच्छेद झाला तो दुसऱ्या चार्ल्सला धरून राहिल्याबद्दल. आणि त्या निष्ठेपायी गेलेली जमीन घराण्याला परत देणारं विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर करूनही त्याच चार्ल्सने ते नाकारलं. ऐंशी वर्षं उलटल्यावर, राजघराणंही बदलल्यावर, माणूस आपल्या घराच्या दर्शनी भिंतीवर एका मेलेल्या राजाचा कृतघ्नपणा कोरून ठेवतो. त्या लेखातला सल मला आजही ताजा वाटतो.

हा लेख कोरला तेव्हा त्याचं स्वतःचं घर रिकामं होत होतं. त्याला मागे मूल राहिलं नाही. आधीच्या नवव्या अर्लच्या मागे मुलगा उरला नव्हता. १६२८ ची ती चुकीची बॅरनी त्याच्या मुलींकडे गेली होती. दोघी होत्या म्हणून तीही आधी अधांतरी लटकली, मग एक वारल्यावर हेन्रिएटाला मिळाली, तिच्याकडून तिच्या मुलीला. ती मुलगी १७३२ मध्ये निपुत्रिक गेली तेव्हा किताब वळून या म्हाताऱ्या दहाव्या अर्लकडे आला. १७३६ मध्ये तोही गेला आणि सातव्या अर्लचा, जेम्सचा, पुरुष वंश संपला.

मग घर दुभंगलं. अर्लपदाला पुरुष वारस हवा, म्हणून शोध घेत वर जावं लागलं ते थेट १५०३ मध्ये मेलेल्या जॉर्ज स्टॅन्लीपर्यंत, म्हणजे जोन ल स्ट्रेंजच्या नवऱ्यापर्यंत. त्याच्या धाकट्या मुलाच्या शाखेतला सर एडवर्ड स्टॅन्ली, बिकरस्टाफचा बॅरनेट, अकरावा अर्ल झाला. सव्वादोनशे वर्षांपूर्वी फुटलेल्या फांदीला मान मिळाला, कारण ती पुरुषांकडून उतरली होती. आजचे अर्ल त्याच फांदीचे. एप्समच्या शर्यतीला डर्बी हे नाव मिळालं ते अकराव्या अर्लच्या नातवाकडून, बाराव्या अर्लकडून, १७८० मध्ये. मुंबईला महालक्ष्मीच्या मैदानावर दर वर्षी धावते ती इंडियन डर्बी त्याच नावाची. चौदावा अर्ल पंतप्रधान असताना १८५८ मध्ये कंपनीचं राज्य जाऊन राणीचं आलं, आणि त्याचाच मुलगा पहिला भारतमंत्री होता.

बेट आणि स्ट्रेंजची नवी बॅरनी मात्र सातव्या अर्लच्या, जेम्सच्या, रक्ताबरोबर गेली. आणि ते रक्त आता उरलं होतं ते त्याची मुलगी अ‍ॅमेलिया सोफिया हिच्या वंशात. ती स्कॉटलंडात अ‍ॅथलच्या मार्क्विसला दिलेली. तिचा नातू, अ‍ॅथलचा दुसरा ड्यूक, मॅनचा धनी झाला. त्यालाही मागे मुलगीच, शार्लोट, त्याच्या पणजीच्या नावाची. तिने चुलतभावाशी लग्न केलं, आणि १७६५ मध्ये या नवरा-बायकोने ब्रिटिश सरकारच्या दबावाखाली बेटाची सत्ता सत्तर हजार पौंडांना राजाला विकली. चोरट्या व्यापाराचा अड्डा म्हणून लंडनला ते बेट डोळ्यांत सलत होतं. ससाण्यांचा मान मात्र राखून ठेवला. १८२१ मध्ये चौथ्या जॉर्जच्या राज्याभिषेकाला अ‍ॅथलच्या ड्यूकने दोन ससाणे नेऊन दिले.

बॅरनी पुढे चालत राहिली. अ‍ॅथलच्या नवव्या ड्यूकनंतर १९५७ मध्ये अधांतरी, १९६५ मध्ये जॉन ड्रमंड यांच्यासाठी खुली, ते गेल्यावर तीन मुली म्हणून पुन्हा अधांतरी, आणि १९८६ मध्ये थोरली लेक चेरी ड्रमंड सोळाव्या बॅरोनेस स्ट्रेंज झाल्या. १९९९ मध्ये वंशपरंपरागत सरदारांना सभागृहातून बाहेर काढलं तेव्हा मोजक्यांना निवडून ठेवलं, त्यांत त्या होत्या. २००५ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत त्या तिथे बसल्या. जेम्सच्या नावे चुकून निघालेल्या आज्ञापत्रावर ही बाई त्याच वरिष्ठ सभागृहात आपल्या हक्काने बसली, हे मला मनापासून आवडतं.

आता त्या तीन पुतण्यांकडे. धाकटी एलिझाबेथ हंटिंग्डनच्या पाचव्या अर्लला, हेन्री हेस्टिंग्जला दिली होती. तिचा वंश उतरत गेला आणि चार पिढ्यांवर पुन्हा एक एलिझाबेथ हेस्टिंग्ज येते. तिचा भाऊ निपुत्रिक गेल्यावर घराण्याच्या जुन्या बॅरनी तिच्याकडे आल्या. तिचा मुलगा फ्रान्सिस याने आईचं आडनाव लावलं. हाच आपला लॉर्ड हेस्टिंग्ज, १८१३ ते १८२३ गव्हर्नर-जनरल. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली, शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं आणि १८१८ च्या जूनमध्ये दुसरा बाजीराव शरण गेला, ते सगळं याच्या अमदानीत. शाळेपासून पेशवाई बुडाल्याची तारीख पाठ असलेली मी, एका इंग्लिश वंशावळीच्या बारीक अक्षरांतल्या सहा वर्षांच्या पोरक्या मुलीपासून खाली खाली येत त्या तारखेवर जाऊन आदळले. त्या रात्री मी पुढे काही वाचू शकले नाही.

या लॉर्ड हेस्टिंग्जच्याच वंशातल्या, एडिथ या नावाच्या एका काउंटेसच्या नातीसाठी, एलिझाबेथ फिलिप्ससाठी, १९२१ मध्ये जुनी, अस्सल स्ट्रेंजची बॅरनी राजाने अखेर मोकळी केली. १५९४ पासून ३२७ वर्षं ती अधांतरी होती.

या सगळ्यात दत्तक कुठेच नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. इंग्लंडच्या किताबाला दत्तक पुत्र चालत नाही. रक्त हवं. हीच दृष्टी घेऊन आलेल्या लॉर्ड डलहौसीने १८४८ मध्ये साताऱ्याचा दत्तक नामंजूर करून शिवछत्रपतींची गादी खालसा केली. आपल्याकडे दत्तकाला शास्त्राचा आधार, त्याला पिंडदानाचा अधिकार. डलहौसीला ते मान्य नव्हतं. तो स्वतः १८६० मध्ये गेला तेव्हा त्याच्या मागे दोन मुली होत्या. त्याचं मार्क्विसपद त्याच्याबरोबर संपलं आणि अर्लपद चुलतभावाकडे गेलं. त्याचा हिशेब त्याच्या घरीही तोच लागला, याने साताऱ्याचं दुःख कमी होत नाही, पण नोंद करून ठेवावीशी वाटते.

आमच्या घरी कापडावर चिकटवलेली एक वंशावळ आहे. मूळपुरुषापासून माझ्या वडिलांच्या पिढीपर्यंत. प्रत्येक चौकोनात एक पुरुष. काही चौकोनांखाली ‘निर्वंश’ असं लिहिलं आहे. त्यातल्या एका ‘निर्वंश’ चौकोनाला चार मुली होत्या हे मला आत्याने सांगितलं. त्या चौघींची मुलंनातवंडं आजही नांदती आहेत. सुनांची माहेरची नावं नाहीत, लेकी तर नाहीतच. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि सगळ्या देशाने २००५ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क दिला. इंग्लंडने २०१३ च्या कायद्याने राजगादीसाठी थोरली मुलगी धाकट्या भावाच्या पुढे ठेवली, पण डर्बीसारख्या अर्लपदांना हात लावला नाही. डर्बीचं अजून १४८५ च्या सनदेवर चालतं.

सध्या मी एका मोठ्या कागदावर अ‍ॅलिसपासून खाली असा तक्ता काढते आहे. वर विधवा आई, खाली तिघी, आणि पुरुषांची नावं त्यांच्या नात्याने. एलिझाबेथची शाखा पुरी झाली आहे. फ्रान्सिसची चालू आहे. आईच्या दुसऱ्या नवऱ्याच्या मुलाशीच तिचं लग्न झालं, जॉन एगर्टनशी, जो पुढे ब्रिजवॉटरचा अर्ल झाला. त्यांच्या वंशातल्या तिसऱ्या ड्यूकने १७६१ मध्ये वर्स्लीच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला नेणारा कालवा बांधला आणि तिथल्या कोळशाचा भाव निम्म्यावर आणला. त्यानेही लग्न केलं नाही, त्याच्याबरोबर ड्यूकपद संपलं, आणि मला आता त्याच्या बहिणी शोधायच्या आहेत. अ‍ॅनची शाखा त्यानंतर.